कपाटातल्या रेकॉर्ड ऐकायच्या कुणी?

ज्याच्याकडे चांगल्या रेकॉर्ड आहेत त्यानं त्या चार जणांना ऐकवल्या पाहिजेत. मनात आलं तर ऐकवाव्यात, असं मी म्हणत नाही. संग्रह करणाऱ्यावर ती जबाबदारीच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या गवयानं उभा जन्म रियाजात घालवून एक राग तबकडीच्या एका बाजूत बसवला, त्यानं तो कुणा एकाच्या कपाटासाठी बसवला नव्हता. आपण पैसे मोजतो ते चकतीचे. तिच्यातलं गाणं आपल्याकडे फक्त सांभाळायला आलेलं असतं.

हा विषय आत्ताच काढायचं कारण असं, की रेकॉर्ड परत आल्या आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा विनाइल, म्हणजे प्लॅस्टिकच्या, रेकॉर्ड संख्येनं जास्त खपल्या. १९८७ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. जुन्या शास्त्रीय ध्वनिमुद्रणांच्या नव्या आवृत्त्या निघताहेत, जाडजूड, देखण्या वेष्टनातल्या. पण परत आलं आहे ते विकत घेणं. मिळून ऐकणं अजून परतलेलं नाही. रेकॉर्डवाले एकमेकांना भेटले की पहिल्या छपाईची प्रत कुणाकडे, लेबलचा रंग कोणता, कुठली प्रत किती दुर्मीळ यावर तासभर रंगतात आणि त्या तासात एकही रेकॉर्ड लागत नाही. हे मला फार खुपतं.

संग्रह स्वतःपुरता ठेवण्याचं समर्थन बहुतेकदा आवाजाच्या नावानं केलं जातं. रेकॉर्डचा आवाज तो रेकॉर्डचाच, डिजिटलमध्ये ती ऊब नाही, आणि हा फरक कळायला तयार कान लागतो, मग ऐऱ्यागैऱ्याला ऐकवून उपयोग काय? रेकॉर्डवर माझा जीव आहे, तरी हे मला पटत नाही. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते. लेबलजवळ पोचेपर्यंत तीच वीस-बावीस सेंटिमीटरवर येते. म्हणजे सेकंदभराचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आणि सिंफनी असो की ख्याल, सगळा जोर शेवटाकडे. ब्रास वाद्यांचा गजर, द्रुतातल्या ताना, सतारीवरचा शेवटचा वेगवान 'झाला'. खाचेत जागा सगळ्यात कमी, तिथेच संगीत सगळ्यात भरगच्च. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत तारसप्तकातला आवाज फाटल्यासारखा वाटतो, तो दर वेळी गवयाच्या गळ्याचा दोष नसतो. शिवाय खर्जाच्या, म्हणजे खालच्या जाड, सुरांना खाच फार रुंद लागते, म्हणून तबकडी कापतानाच खर्ज दाबतात आणि वाजवताना अँप्लिफायर तो पुन्हा उचलतो. साध्या सीडीला यातली एकही अडचण नाही. शुद्ध आवाजाच्या हिशोबात रेकॉर्ड हरते, हे मान्य करून टाकावं. त्यानं तिची किंमत कमी होत नाही.

तिचा खरा गुण वेगळा आहे. ती आपल्या आपण सुरू होत नाही आणि संपल्यावर दुसरं काही लावत नाही. कुणीतरी ती निवडावी लागते, कडेला धरून वेष्टनातून काढावी लागते, पुसावी लागते, सुई हलक्या हातानं टेकवावी लागते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उठून बाजू पलटावी लागते. एकट्यासाठी एवढा खटाटोप करायला माणूस आळसावतो. समोर कुणी ऐकायला बसलं असलं, की तोच खटाटोप हौसेनं होतो. बाजू पलटतानाची ती दोन मिनिटं बोलायला मिळतात, आणि बाजू वाजत असताना कुणी 'पुढचं लाव' म्हणत नाही. संध्याकाळी दिवसभराची कामं आटोपल्यावर तीन-चार माणसांनी एकत्र बसावं, याला इतकं सोयीचं दुसरं साधन मला माहीत नाही.

अनोळखी माणसं एका रेकॉर्डसाठी एकत्र येणं हे काही आजचं खूळ नव्हे. १९३१ मध्ये लंडनला एचएमव्हीच्या वॉल्टर लेग यांना ऑस्ट्रियन संगीतकार ह्यूगो वोल्फची गाणी मुद्रित करायची होती. ती खपतील याची कुणालाच खात्री नव्हती. त्यांनी ५०० वर्गणीदार गोळा करायची योजना मांडली. पैसे आधी, रेकॉर्ड नंतर. वर्गणीदार मिळाले. याच पद्धतीनं पुढे १९३२ ते १९३५ या काळात पियानोवादक आर्टुर श्नाबेल यांनी बीथोव्हनचे सगळे ३२ पियानो सोनाटा रेकॉर्ड केले, आणि हे श्नाबेल त्याआधी बरीच वर्षं रेकॉर्डिंगला नकारच देत आले होते. आज ज्या ध्वनिमुद्रणांना आपण ठेवा म्हणतो, ती मुळात ऐकणाऱ्यांनी मिळून पैसे उभे केले म्हणून जन्माला आली.

त्याच सुमाराला जपानमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती. परदेशी रेकॉर्ड आणि त्या वाजवायचं यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. तेव्हा कॉफीच्या दुकानांनी ते विकत घेतलं आणि लोक तिथे येऊन ऐकू लागले. टोकियोच्या शिबुया भागातलं 'लायन' १९२६ पासूनचं आहे. महायुद्धात ते जळालं, पुन्हा उभं राहिलं. बसायच्या जागा भल्यामोठ्या स्पीकरकडे तोंड करून मांडलेल्या आहेत, गप्पा मारायला मनाई आहे आणि एखाद्याला हवी ती रेकॉर्ड तो सांगू शकतो. म्हणजे एकाची आवड सगळे निमूट ऐकतात. माझ्या आवडीचं गाणं तुम्ही वीस मिनिटं शांतपणे ऐकायचं आणि मग मी तुमच्या आवडीचं ऐकायचं, हा साधा करार आहे. घरोघरी तो का होऊ नये?

आता एक रेकॉर्ड जवळून बघू. उस्ताद अमीर खाँ यांची १९६०ची एलपी, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा हा दिवस मावळतानाचा, संधिप्रकाशातला राग. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. सगळा भार कोमल रिषभ आणि धैवतावर. षड्ज, म्हणजे 'सा', हाकेच्या अंतरावर असतो आणि तिथे टेकायचं मात्र टाळलेलं असतं. खाँसाहेबांची लय इतकी संथ आहे, की 'पिया मोरे अनत देस' हे शब्द कानी पडतात आणि पुढचे शब्द यायला किती वेळ लागणार याचा अंदाज येत नाही. हे एकट्यानं ऐकताना पाच मिनिटांत हात मोबाइलकडे जातो. चार जण बसलेले असतील तर काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. सुरुवातीला चुळबुळ होते. कुणी खिडकीबाहेर बघतं, कुणी वेष्टन उलटसुलट करून वाचतं. मग रिषभावर तो आवाज असा काही थांबतो, की चुळबुळ आपोआप थांबते, आणि किती तरी वेळानं गवई षड्जावर येतो तेव्हा सगळ्यांचा श्वास एकदम सुटतो. ज्याला रागाचं नावही ठाऊक नाही त्याचासुद्धा. त्या अस्वस्थतेचं वर्णन मी कितीही केलं तरी ती शेजारी बसलेल्या माणसाकडून जशी कळते तशी लेखातून कळणार नाही.

माझा आग्रह इथे आणखी एक आहे. मारवा संपला म्हणून लगेच तबकडी पलटून दरबारी लावू नये. दरबारी हा रात्र चढल्यावरचा राग. तबकडीला बाजू दोनच, म्हणून दोन प्रहर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून आले आहेत. मधला वेळ आपण द्यायचा असतो. रागांच्या वेळा जुनाट म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा उजेड जाताना मारवा लावावा, मध्ये यमन किंवा भूप येऊ द्यावा आणि मगच दरबारीकडे जावं. हा क्रम लावणं म्हणजे आपली आवड दुसऱ्याला देणं. नुसती लिंक पाठवल्यानं ते होत नाही. लिंक ऐकली की नाही हे आपल्याला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आपण विचारायलाही जात नाही.

ऐकवणाऱ्याचं दुसरं काम माहिती देण्याचं. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गायिका गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताना त्या इंग्रजीत आपलं नाव पुकारतात, कारण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत आणि तिथल्या कारागिरांना कोणता आवाज कुणाचा हे कळायला हवं होतं. आज उलटी गत आहे. ॲपवर रागाचं नाव असलं तर तालाचं नसतं, तालाचं असलं तर तबला कुणाचा हे नसतं, आणि तानपुऱ्यावर कोण बसलं होतं हे तर जवळजवळ कधीच नसतं. मुद्रणाच्या सालाच्या जागी नव्या आवृत्तीचं साल टाकलेलं असतं. सालानं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स ही रचना १९५५ मध्ये रेकॉर्ड केली आणि पुन्हा १९८१ मध्ये. पहिलं वादन साधारण ३८ मिनिटांचं, दुसरं ५१ मिनिटांचं. रचना तीच, माणूस तोच, पण मधली सव्वीस वर्षं ऐकू येतात. साल पुसलं की ही गोष्टच पुसली जाते. एलपीच्या पाठीवरचा बारीक मजकूर म्हणूनच मला गाण्याइतकाच मोलाचा वाटतो, आणि रेकॉर्डचं डिजिटल रूप करणाऱ्यानं वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचा फोटो त्यासोबत ठेवलाच पाहिजे.

हेच गायसबर्ग पुढे १६ जानेवारी १९३८ रोजी व्हिएन्नात होते. संचालक ब्रुनो वॉल्टर व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून संगीतकार मालरची नववी सिंफनी वाजवून घेत होते आणि एचएमव्ही प्रत्यक्ष मैफलीचं मुद्रण करत होती. श्रोत्यांचे खोकलेसुद्धा त्यात आहेत. दोन महिन्यांत हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. वॉल्टर ज्यू, त्यांना देश पारखा झाला. पहिल्या व्हायोलिनला बसलेले आर्नोल्ड रोझे मालरचे मेहुणे, म्हातारपणी त्यांना लंडनला आश्रय घ्यावा लागला. एवढं दोन-तीन वाक्यांत सांगून शेवटचा संथ भाग, ॲडाजिओ, लावा. ऐकणारा सिंफनीच्या वाटेला कधी गेलेला नसला तरी जागचा हलत नाही. मात्र दोन-तीनच वाक्यं. सुई टेकल्यावर ऐकवणाऱ्यानं एक शब्द बोलू नये. 'आता बघा काय येतंय' म्हणणाऱ्यानं किती तरी चांगल्या जागांचा घात केला आहे.

संग्राहकांच्या भीतीला आधार नाही, असं मी म्हणणार नाही. रेकॉर्ड झिजते. बोथट सुई एकदा फिरली तरी खाचेचं कायमचं नुकसान होतं. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या, हातातून सुटली की तुकडे. त्यांची खाच रुंद असते, तिला जाड सुई लागते. एलपीची सुई त्यावर चालवली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरीशिवाय फार काही हाती येत नाही. म्हणून दुर्मीळ तबकडी उसनी देऊ नये, हे मला मान्य आहे. पण उसनी न देणं वेगळं आणि न ऐकवणं वेगळं. आपल्या यंत्रावर, आपल्या सुईनं, आपल्या समोर ऐकवायला काय हरकत आहे? आणि एकदा नीट डिजिटल प्रत करून ठेवली, की खाचेला रोज त्रास द्यायचीही गरज उरत नाही.

एकच प्रत माझ्याकडे आहे, याचा अभिमान बाळगणाऱ्यांची मला खरं तर काळजी वाटते. एकच प्रत ही अभिमानाची नव्हे, धोक्याची गोष्ट आहे. कंपन्यांकडे मूळ फिती असतात, मग चिंता कशाला, असं आपण धरून चालतो. २००८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत आग लागली आणि तिथल्या कोठारातल्या मूळ ध्वनिफिती जळाल्या. हानीचा आवाका बाहेर यायला २०१९ उजाडलं. मोठ्या संस्थांचंही भान उशिरानंच येतं. पॅट्रिक सॉल नावाचे एक इंग्रज गृहस्थ १९३०च्या दशकात बाजारातून गेलेली एक रेकॉर्ड ऐकायला ब्रिटिश म्युझियममध्ये गेले, तर तिथे रेकॉर्ड ठेवतच नाहीत असं त्यांना समजलं. पुस्तकाची प्रत सांभाळायची आणि गाण्याची नाही, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांच्या खटपटीतून १९५५ मध्ये ध्वनिमुद्रणांची संस्था उभी राहिली, आणि १९८३ मध्ये ती ब्रिटिश लायब्ररीचा भाग झाली. एका ऐकणाऱ्याच्या हट्टानं राष्ट्रीय संग्रह झाला. सरकारनं करावं म्हणून हातावर हात ठेवून बसणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

कायद्याची भीतीही अर्धवट माहितीतून येते. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. वर सांगितलेल्या मारव्याच्या मुद्रणावरचा तो हक्क २०२० संपताना संपला. युरोपीय संघानं २०११ मध्ये ही मुदत ५० वरून ७० वर्षांवर नेली. अमेरिकेत तर १९२३ च्या आधीची ध्वनिमुद्रणं थेट २०२२च्या १ जानेवारीला खुली झाली, तीही २०१८ मध्ये त्यासाठी कायदा झाला म्हणून. मुदत वाढवणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या कलावंताच्या नावानं ती वाढते तो बहुधा हयात नसतो, आणि ज्या कंपनीकडे हक्क असतो तिनं ती रेकॉर्ड कित्येक वर्षांत बाजारात आणलेली नसते. स्वतः विकायची नाही आणि दुसऱ्याला ऐकवू द्यायची नाही, हा हक्काचा वापर नव्हे, अडवणूक आहे. अमुक वर्षं बाजारात नसलेलं ध्वनिमुद्रण ग्रंथालयांना जतन करून ऐकवता यावं, अशी सरळ तरतूद हवी. पण हक्क चालू असलेली रेकॉर्डसुद्धा मिळून ऐकणं आपल्या कायद्यात गुन्हा नाही. कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात नफ्यासाठी न चालवलेल्या क्लबला किंवा तशा संस्थेला आपल्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायची मुभा दिलेली आहे, आणि राहत्या इमारतीतल्या सामाईक खोलीत रहिवाशांसाठी ऐकवायलाही. एवढी मोकळीक असताना आपण ती वापरत नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जुना: शास्त्रीय संगीत सगळ्यांना कळत नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर या अंतराळयानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी पाठवली गेली, सोबत सुई आणि ती कशी वाजवायची याची चित्रं. तिच्यावर केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. त्या आपल्या गाण्याबद्दल इतक्या कडक होत्या, की रेकॉर्डिंगच्या वाटेला फारशा गेल्या नाहीत. तरी त्यांच्यानंतर एक अंध अमेरिकन गायक येतो, ब्लाइंड विली जॉन्सन, शब्दांवाचून नुसतं गुणगुणणारा, आणि मग बीथोव्हनच्या चार तंतुवाद्यांच्या चौकडीतलं काव्हातिना, एक संथ, गाण्यासारखा भाग. ज्याला कान आहेत की नाहीत हेही ठाऊक नाही अशा परग्रहावरच्या ऐकणाऱ्यासाठी माणसांनी हा क्रम लावला. आणि शेजारच्या पोराला आपण 'तुला नाही कळायचं' म्हणतो! त्याला साडेतीन मिनिटांची ती भैरवी आधी ऐकवा, मग विली जॉन्सन, मग काव्हातिना. यातलं काय त्याला धरून ठेवील, हे आधीच ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. ऐकून झाल्यावर त्यानं त्याच्या आवडीचं काही लावलं तर तेही पूर्ण ऐकावं लागेल, मध्येच नाक न मुरडता.

ग्रंथालयांकडे माझी मागणी साधी आहे. पुस्तकांसाठी वाचनकक्ष असतो तसा एक श्रवणकक्ष हवा, आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ हवी, आणि त्या संध्याकाळी ज्याच्याकडे रेकॉर्ड आहे त्यानं ती आणावी, माहिती सांगावी, वाजवावी आणि घरी न्यावी. यंत्र आणि चांगली सुई ग्रंथालयाची. परवानगी असेल तर तिथेच प्रत करून ठेवावी. यासाठी मोठा निधी लागत नाही, एक जबाबदार माणूस लागतो.

आणि संग्राहकांनी या महिन्यात एक काम करावं. यादी करावी. गायक, राग, साथीदार, रेकॉर्डचा क्रमांक, कोणत्या खोक्यात आहे, कोणती फुटलेली आहे, कोणत्या प्रतीचं डिजिटल रूप केलं आहे. आपल्यामागे हे सगळं कुणाकडे जावं, तेही त्याच कागदावर लिहावं. कित्येक संग्रह मोडीत गेले ते घरच्यांना गाण्याचा तिटकारा होता म्हणून नव्हे. त्या खोक्यांत काय आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. यादीची एक प्रत घरात द्या, दुसरी एखाद्या ऐकणाऱ्या मित्राकडे ठेवा, आणि त्यातली पहिली पाच नावं येत्या शनिवारी संध्याकाळी त्याला ऐकवून टाका.